खायचा रंग छातीत का भरता?

‘नॉन-टॉक्सिक’ हा शब्द आता माझ्या डोक्यात तिडीक आणतो. दिल्लीच्या घाऊक बाजारातून निघून नोएडा-गुरुग्रामच्या टपऱ्यांवर येणाऱ्या चमकत्या मालावर तो सर्रास छापलेला असतो. अंधारात हिरवा दिसणारा ॲश-ट्रे, निऑन रंगाची हुक्क्याची नळी, जांभळ्या दिव्याखाली पेटल्यासारखं दिसणारं लायटरचं कव्हर, सगळंच नॉन-टॉक्सिक. हे ठरवलं कुणी? कोणत्या प्रयोगशाळेत? किती तापमानाला? खोक्यावर उत्पादकाचं नाव नसतं, पत्ता नसतो, आत काय घातलं आहे याची एक ओळ नसते. हा एक शब्द मात्र ठळक असतो.

मी नोएडात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. मुलांच्या दप्तरात या वस्तू सापडतात, म्हणून त्या कुठून येतात ते बघायला मी दिल्लीच्या सदर बाजारात गेले. तिथल्या एका विक्रेत्याला विचारलं, हा रंग कसला? तो म्हणाला, ‘मॅडम, खाने वाला कलर है, फूड ग्रेड.’ त्याचा आवाज खोटारड्याचा नव्हता. त्याला वरच्याने जे सांगितलं तेच त्याने मला सांगितलं. माझा राग त्या माणसावर नाही. खायचा पदार्थ म्हणजे श्वासात घ्यायलाही चालणारा पदार्थ, ही समजूत ज्यांनी पसरवली आणि ज्यांचं काम ती खोडून काढण्याचं आहे पण जे गप्प बसले, त्यांच्यावर आहे.

पदार्थ विषारी आहे का, हा प्रश्न नुसता विचारून भागत नाही. किती घेतला, कोणत्या वाटेने घेतला आणि किती तापवून घेतला, हे विचारावं लागतं. पोटात गेलेली वस्तू आधी जठरातलं आम्ल सोसते, मग आतड्यातून यकृताकडे जाते, आणि यकृत तिच्यातलं बरंच काही मोडून टाकतं. फुफ्फुसात गेलेल्या वस्तूला असा पहारा नाही. वायुकोशाची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. पलीकडे लगेच रक्त.

याचे पुरावे शोधायला फार लांब जावं लागत नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या जास्पर गावी मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचा कारखाना होता. 2000 साली तिथे काम केलेल्या आठ जणांना श्वासनलिकेच्या बारीक फांद्या कायमच्या बुजवून टाकणारा रोग झाल्याचं उघड झालं. तपासात बोट गेलं लोण्याचा वास देणाऱ्या द्रव्याकडे, म्हणजे डायअसिटिलकडे. हे डायअसिटिल खऱ्या लोण्यातही असतं. आपण ते पिढ्यानपिढ्या खात आलो, कुणाला काही झालं नाही. त्याची वाफ रोज हुंगणाऱ्या कामगारांची फुफ्फुसं मात्र गेली. तोच पदार्थ, वाट तेवढी बदलली.

दुसरा दाखला 2019 चा. अमेरिकेत धडधाकट तरुण अचानक दम लागून रुग्णालयात येऊ लागले. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्णांची नोंद झाली आणि 68 जण मेले. सगळ्यांमध्ये समान धागा व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, होता. 51 रुग्णांच्या फुफ्फुसातला द्रव तपासला तेव्हा 48 जणांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडलं. तुलनेसाठी घेतलेल्या 99 निरोगी लोकांत ते एकातही नव्हतं. हे द्रव्य चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्ये असतं, गोळ्यांमध्ये असतं, औषधाच्या दुकानात राजरोस मिळतं. काळ्या बाजारातल्या कुणीतरी ते गांजाच्या अर्काचं तेल दाट दिसावं म्हणून मिसळलं. ‘फूड ग्रेड’ म्हणून निश्चिंत होणाऱ्याने ही दोन प्रकरणं वाचावीत आणि मग झुरका मारावा.

आता चमकण्याकडे येते. चमकणाऱ्या सगळ्या वस्तू एका जातीच्या नसतात. हा फरक न सांगता सरसकट भीती घालणं मला मान्य नाही.

दिवा मालवल्यावर हिरवट उजळत राहणारी जी भुकटी बाजारात ‘रेडियम’ म्हणून ओळखली जाते, तिच्यात रेडियम नसतं. पूर्वी ती झिंक सल्फाइडची असायची. 1990 च्या दशकात जपानच्या नेमोतो कंपनीने स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटमध्ये युरोपियम आणि डिस्प्रोझियम घालून रात्रभर उजळणारी भुकटी बाजारात आणली. प्लास्टिकच्या आत घट्ट बसली असेल तर या भुकटीची मला भीती वाटत नाही. जिन्याच्या पायरीवर, संकटकाळी बाहेर पडायच्या दाराच्या पाटीवर ती जीव वाचवते. पण तिच्यावर संरक्षक लेप नसेल तर पाण्यात ती फुटते आणि पाणी अल्कधर्मी करते. ती भरलेलं प्लास्टिक सिगारेटच्या निखाऱ्याखाली ठेवायचं म्हटलं तर हिशेबच बदलतो. झुरका घेताना सिगारेटच्या टोकाचं तापमान 900 अंश सेल्सियसच्या आसपास जातं. ते प्लास्टिक पीव्हीसी असेल आणि त्या निखाऱ्याखाली जळालं, तर हायड्रोजन क्लोराइड सुटतो, जो ओल्या श्वासनलिकेत जाऊन हायड्रोक्लोरिक आम्ल होतो. भुकटी निर्धोक असेल, पण ती ज्यात कालवली आहे त्याची जबाबदारी कोण घेणार?

जांभळ्या दिव्याखाली भडकणारा निऑन रंग ही वेगळीच गोष्ट आहे. गुरुग्रामच्या बारमध्ये भिंतीपासून हुक्क्याच्या तोटीपर्यंत तोच असतो. या फ्लुरोसंट रंगांची जुनी आणि स्वस्त घडण अशी: मेलामाइन, फॉर्मल्डिहाइड आणि टोल्यूइन-सल्फोनामाइड यांचं रेझिन करायचं, त्यात रंग विरघळवायचा, ते घट्ट झालं की दळायचं. थंड असताना ते भिंतीवर शांत बसतं. तापवलं की त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटू लागतो. हा वायू माणसात कर्करोग घडवतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 सालीच दिला आहे. भिंतीच्या आणि पोस्टरच्या कामाचा हा रंग तोंडाला लावायच्या तोटीवर किंवा कोळशाच्या शेजारच्या चिलमीवर फासणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. आणि नळीवरचा रंग नेमका कोणत्या जातीचा, हे गिऱ्हाइकाला कळायला काहीच मार्ग ठेवलेला नाही.

ग्लो स्टिक मोडली की जो थंड उजेड पडतो तो हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऑक्झॅलेट एस्टर यांच्या अभिक्रियेचा. ती अभिक्रिया थॅलेटसारख्या द्रावकात होते. तो द्रव कांडीच्या आत राहायला हवा. तो हुक्क्याच्या पाण्यात ओतून फोटो काढण्याची कल्पना ज्याला सुचेल त्याला मी एवढंच सांगेन, की त्या पाण्यातून बुडबुडत येणारी हवा तुमच्या छातीत जाणार आहे.

देखाव्यासाठी वापरलेलं रसायन शरीरात गेलं की काय होतं, हा धडा गुरुग्रामला एकदा नाही, दोनदा मिळाला आहे. 2017 साली तिथल्या एका बारमध्ये तिशीतल्या तरुणाने पांढरा धूर निघत असतानाच कॉकटेल पिऊन टाकलं. ग्लासात द्रवरूप नायट्रोजन होता, उणे 196 अंशांचा. पोटात त्याचा वायू झाला, सुमारे सातशे पट फुगला, आणि जठर फाटलं. शस्त्रक्रिया करून जठराचा भाग काढावा लागला. तेवढ्यानंतर हरियाणा सरकारने खाण्यापिण्यात द्रवरूप नायट्रोजन मिसळून देण्यावर बंदी आणली. बंदी नायट्रोजनवर आली. डोळे दिपवण्यासाठी गिऱ्हाइकासमोर औद्योगिक रसायन ठेवण्याच्या धंद्याला कुणी हात लावला नाही. मग मार्च 2024 मध्ये गुरुग्रामच्या सेक्टर 90 मधल्या एका कॅफेत जेवण झाल्यावर मुखवास म्हणून ड्राय आइस दिला गेला. पाच जणांची तोंडं भाजली, रक्ताच्या उलट्या झाल्या. ड्राय आइस उणे 78 अंशांचा असतो, हे शाळेच्या पुस्तकात आहे. तो वाढणाऱ्याला ते माहीत नव्हतं, कारण माहीत असायलाच हवं असा नियम त्याच्यापर्यंत कधी पोहोचला नव्हता. आपल्याकडे प्रत्येक रसायनाने आपापला बळी घ्यायचा, मग त्याच्या नावाचा आदेश निघायचा, असा रिवाज पडला आहे. चमकत्या हुक्क्याचा आदेश निघायला आपण कुणाच्या लेकराची वाट बघतो आहोत?

हुक्क्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण उजेडाचा सगळा खेळ तिथेच मांडलेला आहे. काचेचं भांडं, तळाला रिमोटवर रंग बदलणारे एलईडी, त्यात तरंगणारा धूर. बघणाऱ्याला वाटतं, पाण्यातून येतो म्हणजे धुऊन येतो. पाणी कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. कोळशाचा तो वायू थेट रक्तात जातो आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या कितीतरी पट घट्ट धरून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने 2005 सालीच सांगितलं होतं, की तासाभराच्या एका बैठकीत माणूस एका सिगारेटच्या 100 ते 200 पट धूर आत घेतो. एका टेबलाभोवती बसलेली चार मुलं आळीपाळीने ओढतात तेव्हा चक्कर येते. त्या चकरेला ती नशा म्हणतात. ते गुदमरणं असतं.

‘पण आमचा हर्बल आहे, तंबाखू नाही,’ हा पुढचा बचाव. दिल्ली सरकारने 2020 साली करोनाच्या काळात सार्वजनिक ठिकाणी हुक्का बंद केला, तंबाखूचाही आणि बिनतंबाखूचाही. नोव्हेंबर 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रेस्टॉरंट-बारना हर्बल हुक्क्याची तात्पुरती मुभा दिली. न्यायालयापुढचा प्रश्न साथीच्या निर्बंधांचा होता. बाजाराने मात्र त्यातून ‘हर्बल म्हणजे सुरक्षित’ हे प्रमाणपत्र आपलं आपणच काढून घेतलं. बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 साली दोन्ही धूर मोजले. बिनतंबाखूच्या धुरात निकोटिन नव्हतं. कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मल्डिहाइडच्या जातीचे वायू, कर्करोगकारक संयुगं हे सगळं होतं आणि तंबाखूच्या धुराइतकंच होतं. ते येतं कोळशातून आणि करपणाऱ्या गुळचट पाकातून. काडी लावताच पेटणाऱ्या कोळशाच्या चकत्यांमध्ये तर ऑक्सिडायझर मिसळलेला असतो, फटाक्याच्या दारूतला तोच पोटॅशियम नायट्रेट. त्या ठिणग्यांचा पहिला झोत टेबलाभोवती बसलेल्यांच्या नाकातच जातो.

मुंबईकराला ठिणगीचा अर्थ सांगायची गरज नाही. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबना आग लागली आणि 14 जण गेले. हुक्क्याच्या कोळशाच्या ठिणग्यांनी पडदा पेटला, असं अग्निशमन दलाच्या तपासात पुढे आलं. महाराष्ट्राने 2018 साली कायदा दुरुस्त करून हुक्का पार्लर बंद केली. हरियाणात मनोहरलाल खट्टर मुख्यमंत्री असताना 2023 साली हॉटेल-बारमधल्या हुक्क्यावर बंदीची घोषणा झाली, गावच्या चौपालीवरचा हुक्का त्यातून वगळला. दिल्लीत एक नियम, सीमेपलीकडे गुरुग्रामात दुसरा, यमुना ओलांडून नोएडात तिसरा. मेट्रोचं एक कार्ड तिन्ही शहरांत चालतं, धुराचा कायदा मात्र प्रत्येक स्टेशनावर बदलतो. धंदेवाल्यांना ही फट नेमकी ठाऊक आहे.

याहून मोठी फट दुकानाच्या फळीवर आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा केला. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या चमकत्या प्लास्टिकच्या बदकाला चाचणी द्यावी लागते. त्यातून शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा, आर्सेनिक, बेरियम, अँटिमनी, सेलेनियम किती झिरपतं ते मोजलं जातं. हा नियम उत्तम आहे. पण त्याच बदकाच्या पोटात लायटर बसवा, खोक्यावर ‘18+’ छापा, की ते खेळणं उरत नाही आणि ही चाचणी लागू होत नाही. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम 2017 पासून अमलात आहे. तो घराच्या आणि सजावटीच्या रंगांसाठी आहे. लायटरच्या कव्हरवरचा रंग कारखान्यात लावला जातो, त्याला कोण विचारणार? लायटरसाठी आयएसओ 9994 हे मानक आहे. ते ज्योत किती उंच जाते, टाकी गळते का, पडल्यावर फुटते का, हे बघतं. वरचा चमकता लेप तापल्यावर काय सोडतो, हे त्याचं कामच नाही. 2023 साली सरकारने वीस रुपयांहून स्वस्त लायटरच्या आयातीवर बंदी घातली. तो व्यापाराचा निर्णय होता, रसायनाचा नव्हे.

अन्न नाही म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरण नाही. तंबाखू नाही म्हणून तंबाखू कायदा नाही. खेळणं नाही म्हणून मानक ब्यूरोची ही चाचणी नाही. वस्तू मात्र तोंडात आहे.

आणि घरात लहान मूल असेल तर याच वस्तूच्या तळाशी आणखी एक संकट असतं. रंग बदलणाऱ्या कितीतरी दिव्यांत नाण्याएवढा लिथियमचा सेल असतो. वीस मिलिमीटरचा असा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या त्वचेतून प्रवाह सुरू होतो, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत नलिका आतून भाजते. चार्ज उतरलेला सेलसुद्धा हे करू शकतो. खेळण्यातला सेल स्क्रूने बंद केलेल्या झाकणामागे असावा, असा दंडक आहे. मी हाताळलेल्या एका हुक्का-दिव्याचं झाकण नखाने उघडलं.

व्हेपबद्दलही स्पष्ट बोलते. सप्टेंबर 2019 मध्ये वटहुकूम आणि त्याच वर्षाअखेर कायदा करून भारताने ई-सिगारेटवर बंदी घातली. उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळं बंद. निकोटिन असो वा नसो. ई-हुक्कासुद्धा त्यात आला. उत्पादन, आयात किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझा या बंदीला पूर्ण पाठिंबा आहे. पण बंदीनंतर काय झालं ते बघा. झुरका ओढला की सातरंगी दिवे लागणारी, पडद्यावर चित्रं नाचवणारी, वापरून फेकायची यंत्रं माझ्या विद्यार्थ्यांच्या खिशात आहेत. छापे पडतात, खोकी पकडली जातात, टेबलावर मांडून फोटो निघतो. आत काय होतं? ते कुणीच सांगत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2025 साली अशाच फेकाऊ यंत्रांची वाफ तपासली. एका यंत्रातून दिवसभराच्या वापरात जवळजवळ वीस पाकिटं सिगारेटींपेक्षा जास्त शिसं बाहेर पडलं. शिसंमिश्रित कांस्याचे भाग द्रवात बुडून होते, त्यातून ते झिरपत होतं. शिशाने मुलांचा मेंदू कसा मंदावतो हे आम्ही वर्गात शिकवतो. मधल्या सुट्टीत तीच मुलं ते ओढतात.

आणि तपासायला लांब जावं लागत नाही. नोएडाच्या सेक्टर 39 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची कर्करोग प्रतिबंध संस्था आहे. देशाची राष्ट्रीय तंबाखू चाचणी प्रयोगशाळा तिथेच आहे. तिची भावंडं मुंबई आणि गुवाहाटीच्या औषध चाचणी प्रयोगशाळांत आहेत. उपकरणं आहेत, माणसं आहेत, जप्त केलेला माल त्याच शहरातल्या मालखान्यात पडून आहे. मग पालकांना हे का कळत नाही, की आपल्या मुलाच्या खिशातल्या त्या निळ्या कांडीत किती शिसं, किती निकेल, कोणता फ्लेवर, कोणतं तेल?

‘ओढणारे आपल्या मर्जीने मरतात, त्यांच्या दिव्याची काळजी कशाला?’ असं मला शिकल्यासवरल्या लोकांनी तोंडावर विचारलं आहे. मला या वाक्याची किळस येते. ज्याने सिगारेट घेतली त्याने पाकिटावर 85 टक्के जागा व्यापणारा इशारा बघून घेतली. फॉर्मल्डिहाइडचं रेझिन, शिशाचा रंग, थॅलेट यांना त्याने होकार दिलेला नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नाही. व्यसनी माणूस हा कायद्याने वाऱ्यावर सोडायचा माणूस नव्हे. आणि हा चमकता माल जुन्या विडीबहाद्दरासाठी बनतही नाही. त्याला दिवे लागत नाहीत. दिवे लागतात ज्याने अजून ओढलेली नाही त्याला, सोळा-सतरा वर्षांच्या पोराला. पुण्या-नागपूरहून पहिल्या नोकरीसाठी गुरुग्रामला आलेल्या, सायबर सिटीजवळच्या पीजीत एकट्या राहणाऱ्या आपल्या मुलींना-मुलांनाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. तोंडाला, निखाऱ्याला किंवा धुराला लागणारी प्रत्येक चमकती वस्तू, कुणाच्याही वयासाठी असो, खेळण्यांच्या रासायनिक चाचणीतून गेलीच पाहिजे, आणि ती चाचणी वापरताना जेवढी तापते तेवढी तापवून झाली पाहिजे. खोक्यावर रंगाची जात, प्लास्टिकची जात आणि आयातदाराचा पत्ता हवा. नसेल तर माल जप्त. ‘नॉन-टॉक्सिक’ आणि ‘फूड ग्रेड’ हे शब्द ओढायच्या वस्तूंवर छापणं ही दिशाभूल करणारी जाहिरात आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला अशा जाहिरातीवर दहा लाखांपर्यंत दंडाचा अधिकार दिला आहे, तो वापरावा. आणि दिल्ली, गुरुग्राम, नोएडा इथल्या पोलिसांनी यापुढे पकडलेल्या प्रत्येक खेपेतला नमुना सेक्टर 39 ला पाठवावा. त्याचे आकडे हिंदीत आणि इंग्रजीत जाहीर व्हावेत, शाळांच्या फलकावर लागावेत. माझ्या शाळेच्या फलकावर ते मी स्वतः लावीन.